एक ध्वनी, अनेक घराणी

मराठी भाषेत 'पाव' हा एक लहानसा शब्द आहे. बाजारात आपण पाव किलो साखर मागतो, सकाळी चहाबरोबर पाव खातो, आणि एखाद्या संकटातून सुटका झाली की 'देव पावला' असे म्हणून हात जोडतो. तिन्ही ठिकाणी ध्वनी एकच. परंतु हे तीन शब्द तीन निरनिराळ्या घराण्यांतले असून त्यांची गाठ पडली ती मराठीच्या अंगणात.

चौथा हिस्सा दाखविणारा 'पाव' हा संस्कृत 'पाद' या शब्दापासून आला. पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथा भाग. 'देव पावला' यातील 'पावणे' हे क्रियापद 'प्राप्' या संस्कृत धातूपासून प्राकृताच्या वाटेने आले. त्याचा मूळ अर्थ पोहोचणे, मिळणे असा आहे. भट्टीतला पाव मात्र समुद्रावरून आला. पोर्तुगीज लोक भाकरीला 'पांव' म्हणतात, आणि त्यांचा हा शब्द लॅटिन 'पानिस' या शब्दाचा झिजलेला अवतार आहे.

पीठ पायांनी तुडवितात म्हणून त्याला पाव म्हणतात, अशी एक गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवर आली असेल. गोष्ट खोटी आहे. तिच्यातील मौज अशी की, पायाशी खरे नाते आहे ते पाव किलोतल्या पावाचे. भट्टीतल्या पावाचा पायाशी काडीचाही संबंध नाही. ही गोष्ट नुसती गमतीची असती तर तिच्यासाठी आम्ही या पानावरची जागा अडविली नसती. पण मुंबईत व कोकणच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसाला 'पाववाला' म्हणून हिणविण्याची चाल होती, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना सांगावयास नको. पाव पायाने मळलेला, म्हणून तो अपवित्र. पाव परका, म्हणून तो खाणाराही परका. अशी ही विचारसरणी. एका शब्दाची चुकीची व्युत्पत्ती माणसाला घराबाहेर कशी उभी करते, याचे हे उदाहरण आहे. म्हणून सारख्या दिसणाऱ्या लहान लहान शब्दांची खरी हकिगत जाणून घेणे हे केवळ पंडितांचे काम नव्हे; आपल्या घरातल्या मुलाबाळांनाही तिचा उपयोग आहे.

साम्याची चार कारणे

दोन भाषांतील दोन शब्द एकसारखे दिसले, तर त्याला चार कारणे असू शकतात. दोन्ही शब्द एकाच पूर्वजाची लेकरे असतील, जशी एकाच आजोबांची नातवंडे चेहऱ्याने सारखी असतात. किंवा एका भाषेने तो शब्द दुसरीकडून उसना घेतला असेल. किंवा तो तान्ह्या मुलाच्या तोंडून निघालेला, जगातल्या सर्वच पाळण्यांत ऐकू येणारा शब्द असेल. आणि चौथे कारण म्हणजे निव्वळ योगायोग. माणसाच्या तोंडातून निघणारे ध्वनी मोजकेच आहेत आणि भाषा हजारो आहेत. तेव्हा दोन अक्षरी शब्द कोठे ना कोठे जुळून यावेत यात नवल नाही. शब्द जितका लहान, तितका योगायोगाचा संभव मोठा.

यांपैकी पहिल्या कारणाचा शोध लागण्याच्या कथेत गोव्याचे आणि धर्मगुरूंचे स्थान मोठे आहे. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली आपल्या भावाला पत्र लिहिले. येथील भाषांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांच्या रचनेशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी त्यात कळविले. हेच ते फादर स्टीफन्स, ज्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच काळात फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्स शहरातील एक व्यापारी कोची व गोवा येथे राहत होता. १५८५ च्या सुमारास मायदेशी पाठविलेल्या पत्रात त्याने लिहिले की, येथील विद्वानांच्या भाषेत देव, सर्प आणि सहा, सात, आठ, नऊ या संख्या यांना असलेले शब्द आमच्या इटालियन शब्दांसारखेच आहेत. १५८८ साली गोव्यातच त्याचे निधन झाले.

पुढे १७६७ साली पुदुच्चेरीचे फ्रेंच येशूसंघीय फादर केर्दू यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेकडे एक टिपण पाठविले. संस्कृत 'दान' आणि लॅटिन 'दोनुम', 'विधवा' आणि 'विदुआ', 'जानु' म्हणजे गुडघा आणि 'गेनु', असे शब्द त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि प्रश्न केला की हे साम्य आले कोठून? व्यापारातून, विद्येच्या देवघेवीतून, की मूळच एक म्हणून? सगळी कारणे तोलून पाहून त्यांनी मूळ एक असल्याच्या बाजूने कौल दिला. त्यांचे लेखन मात्र १८०८ पर्यंत छापले गेले नाही. दरम्यान २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार एशियाटिक सोसायटीपुढे मांडला, आणि जगाने तो त्यांच्या नावाने ओळखला.

नात्याची पारख

पण नाते आहे हे ठरवावयाचे कसे? केवळ कानाला सारखे लागले एवढ्याने नव्हे. १८२२ साली जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनी एक नियम पक्का करून दाखविला. संस्कृत व लॅटिन शब्दाच्या आरंभी जेथे 'प' असतो तेथे इंग्रजीत 'फ' येतो. 'पितृ', 'पातेर' आणि 'फादर' पाहा. 'पाद', 'पेदेम' आणि 'फूट' पाहा. 'आवे मरिया' या लॅटिन प्रार्थनेतील 'प्लेना' हा शब्द घ्या. तो आपल्या 'पूर्ण' या शब्दाचा भाऊ आणि इंग्रजी 'फुल' हा तिसरा भाऊ. त्याचप्रमाणे जेथे 'द' असतो तेथे इंग्रजीत 'ट' येतो: 'द्वि', 'दुओ', 'टू', 'दश', 'देकेम', 'टेन', 'दंत', 'देन्तेम', 'टूथ'. एकेका शब्दावर न थांबता ओळीने शब्द उभे केले, आणि प्रत्येक ठिकाणी तोच फरक तसाच आढळला, तर नाते खरे. खरे भाऊबंद पुष्कळदा चेहऱ्याने दूरचे वाटतात. त्यांना ओळखावयाचे ते या नियमित फरकावरून.

या कसोटीला लावले म्हणजे काही ओळखीचे शब्द पार निराळे दिसू लागतात. लॅटिनमध्ये दिवसाला 'दिएस' म्हणतात आणि इंग्रजीत 'डे'. अर्थ एक, ध्वनीही जवळचा. पण हे दोघे नातलग नव्हेत. लॅटिन 'द' च्या जागी इंग्रजीत 'ट' हवा होता, तो येथे नाही. 'दिएस' चा खरा नातलग आपला 'दिवस' आहे. लॅटिन 'देउस' म्हणजे देव आणि ग्रीक 'थेऑस' म्हणजेही देव. नव्या कराराच्या मूळ ग्रीक पोथीत सर्वत्र हाच दुसरा शब्द आहे. हे दोन शब्दही एकमेकांचे कोणी नव्हेत. 'देउस' चा सख्खा भाऊ आहे आपला 'देव'. दोहोंचे मूळ 'प्रकाशमान आकाश' अशा अर्थाच्या एका पुरातन शब्दात आहे. इंग्रजीत त्याचा भाऊ शोधावयाचा तर 'ट' ने आरंभ होणारा शोधला पाहिजे, आणि तो सापडतो मंगळवारच्या नावात. 'ट्यूसडे' या शब्दातील 'ट्यू' हे एका जुन्या देवतेचे नाव असून ते याच घराण्यातले आहे.

येथे एका हानिकारक गैरसमजाचा उल्लेख करणे आम्हांला अगत्याचे वाटते. आपला 'देव' आणि इंग्रजी 'डेव्हिल' हे शब्द कानाला जवळचे वाटतात, म्हणून त्यांचे मूळ एकच असले पाहिजे, असे अर्धवट माहितीच्या आधारे बोलले जाते. 'डेव्हिल' हा शब्द ग्रीक 'दिआबोलॉस' पासून आला. त्याचा अर्थ निंदा करणारा, खोटा आळ घेणारा. पोर्तुगीज 'दिआबु' हा त्याच शब्दाचा वंशज. त्याचा 'देव' या शब्दाशी लवमात्र संबंध नाही. ज्या शब्दाने आपण रोज परमेश्वराला हाक मारतो, ज्या शब्दाने फादर स्टीफन्स यांनी आपल्या पुराणात स्वर्गीय पित्याला संबोधिले, त्यावर असला कलंक लावण्यापूर्वी चौकशी करावयास नको काय? अर्थ बदलतात हे मात्र खरे. प्राचीन इराणच्या धर्मग्रंथांत याच 'देव' शब्दाच्या भावाला दुष्ट शक्तीचा अर्थ आला, आणि फारसी कथांतील 'देव' हा राक्षस असतो. एकाच आईची दोन मुले; एक देवळात गेले, दुसरे रानात.

'बदनाम' हा आपला शब्द तर या विषयाचा एक लहानसा धडाच आहे. त्याचे दोन तुकडे करा. 'नाम' आणि इंग्रजी 'नेम' यांचे नाते खरे. संस्कृत 'नामन्', फारसी 'नाम', लॅटिन 'नोमेन' ही सारी त्याच घरची माणसे. 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थही एक आणि ध्वनीही जवळजवळ एक. परंतु नाते काहीच नाही. फारसीतील 'बद' चे जुने रूप 'वद' होते. ते हळूहळू 'बद' झाले आणि योगायोगाने इंग्रजी शब्दाच्या शेजारी येऊन उभे राहिले. एकाच शब्दाच्या एका अर्ध्या भागात रक्ताचे नाते आणि दुसऱ्या अर्ध्यात वाटेवरची भेट!

शेजार आणि नाते

बेळगाव भागातील वाचकांना आणखी एक उदाहरण सहज पटेल. कानडीत एकाला 'ओंदु' म्हणतात, इंग्रजीत 'वन'. आठाला कानडीत 'एंटु', इंग्रजीत 'एट'. एवढेच दोन शब्द घेतले तर कानडी व इंग्रजी बहिणी वाटतील. पण रांग पुरी करा: एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु. आता टू, थ्री, फोर, फाइव्ह यांच्याशी काही जुळते काय? हैदराबादकडील वाचकांनी तेलुगूतील 'रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु' हे शब्द कानडीच्या शेजारी ठेवून पाहावेत. तेथे मात्र रांगच्या रांग जुळते. कानडी, तेलुगू, तमिळ, मलयाळम या भाषांचे घराणे स्वतंत्र आहे. हे फ्रान्सिस एलिस यांनी १८१६ साली ओळखले आणि बिशप रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली सविस्तर सिद्ध केले.

मराठी आणि कानडी शतकानुशतके एका बांधावर नांदल्या. अण्णा, अक्का, अप्पा हे मायेचे शब्द आपण त्या शेजारणीकडून घेतले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मराठी इटालियनच्या कुळातली आणि कानडी परक्या कुळातली. परंतु आपल्या घरात थोरल्या भावाला हाक मारावयाची ती कानडी शब्दाने! सत्याला सोडून नाते सांगू नये, तसा शेजारही विसरू नये.

दूरच्या भावंडांची एक गंमत येथेच सांगून टाकतो. संस्कृत 'सप्त' चे प्राकृतात 'सत्त' झाले व मराठीत 'सात'. तिकडे लॅटिन 'सेप्तेम' चे इटालियनमध्ये 'सेत्ते' झाले. मधला 'प' दोन्हीकडे आपापल्या वाटेने गळाला. कोणी कोणाचे पाहून केले नाही. तीच गोष्ट 'माय' या शब्दाची. संस्कृत 'मातृ' झिजून मराठीत 'माय' झाली, आणि लॅटिन 'मातेर' झिजून पोर्तुगीजमध्ये 'मांय' झाली. गोव्यात ही दोन रूपे हजारो वर्षांच्या ताटातुटीनंतर एकमेकांना भेटली.

उसने शब्द

आता पावाकडे वळू. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले आणि १९६१ पर्यंत तेथे त्यांची सत्ता होती. वसई, चौल, मुंबई येथेही त्यांचा अंमल होता. या काळात त्यांच्याबरोबर वस्तू आल्या आणि वस्तूंबरोबर नावे आली. 'चावी' पोर्तुगीज, 'पगार' पोर्तुगीज, 'लिलाव' पोर्तुगीज. पाण्याचे 'पिंप', गवंड्याचे 'घमेले', केसांची 'फीत' आणि चोराचा 'तुरुंग' हीही त्याच भाषेची देणगी. 'बटाटा' आणि 'काजू' हे शब्द तर अमेरिका खंडातील मूळच्या लोकांच्या भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडी आले व तेथून आपल्या ताटात उतरले. 'पाद्री', 'नाताळ' आणि 'इगर्जी' हे शब्द आपल्या धर्मग्रामाच्या जीवनात रुळले. त्यांतील 'इगर्जी' चे मूळ ग्रीक 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमविलेली मंडळी.

तेव्हा 'पाववाला' म्हणून हिणविणाऱ्याला शांतपणे एवढेच विचारावे की, बाबा रे, तू घराला कुलूप लावून चावी खिशात घालतोस, महिनाअखेर पगार मोजून घेतोस आणि उपवासाला बटाटा खातोस. मग परका शब्द तेवढा आमच्याच दारात कसा? उसना शब्द घेतल्याने घर बाटत नाही. भाषा जिवंत असल्याची ती खूण आहे. आणि पावाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपल्या देवळांत शतकानुशतके लॅटिनमध्ये म्हटली गेली, आणि तिच्यात रोजच्या भाकरीसाठी आलेला शब्द हाच 'पानिस' आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर (१९६२–६५) आपण ती मिस्सामध्ये मराठीत म्हणू लागलो. गोव्यात पहाटे सायकलीवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर आपल्या टोपलीत जो माल आणतो, त्याचे नाव आणि वेदीवरच्या त्या लॅटिन शब्दाचे मूळ एकच आहे.

पाळण्यातले शब्द

तिसऱ्या प्रकारचे शब्द सर्वांत गोड आणि सर्वांत फसवे. आपण 'बाबा' म्हणतो; तुर्की लोक 'बाबा' म्हणतात, पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतही बापाला 'बाबा' म्हणतात आणि चिनी मूलही आपल्या बापाला जवळजवळ तशीच हाक मारते. म्हणून या भाषा एका घरच्या ठरतात काय? मुळीच नाही. तान्ह्या मुलाला ओठ मिटून उघडता येतात, तेव्हा 'मा', 'पा', 'बा' हेच ध्वनी प्रथम निघतात. मूल बोलते आणि आईबाप तो शब्द आपला म्हणून उचलतात. रोमान याकोबसन या भाषापंडितांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याची उत्तम फोड केली आहे. कोणता ध्वनी आईने घ्यावा आणि कोणता बापाने, हेही सर्वत्र सारखे नाही. कॉकेशस पर्वताकडील जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई! आणि आपल्याकडे 'मामा' म्हणजे आईचा भाऊ.

गेथसेमनीच्या बागेत आपल्या प्रभूने पित्याला 'अब्बा' अशी हाक मारली, असे मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. संत पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांतही तो शब्द अरामी भाषेतून जसाच्या तसा ठेवला आहे. हा केवळ बालकाचा बोबडा बोल नव्हता. मोठी मुलेमुलीही बापाला अशीच हाक मारीत. बेळगावच्या घरातील 'अप्पा' आणि हा 'अब्बा' एका घराण्यातले नव्हेत. त्यांच्यातील साम्य पाळण्यातले आहे. मठाधिपतीला युरोपात 'अबट' म्हणतात, तो शब्द या 'अब्बा' चाच वंशज. 'पोप' हा शब्दही असाच. ग्रीक मुलांच्या 'पाप्पास' म्हणजे 'बाबा' या हाकेतून लॅटिन 'पापा' आणि त्यातून तो निघाला. गोव्याचे आपले कोंकणी बांधव पोपमहाशयांना 'पाप सायब' म्हणतात. मराठी कानाला तो शब्द ऐकून क्षणभर दचकायला होते. परंतु पातक या अर्थाच्या 'पाप' शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. तो आहे लेकराने बापाला मारलेल्या हाकेचा शब्द.

आमेन आणि इमान

'आमेन' हा शब्द 'ॐ' पासून निघाला, किंवा दोन्ही एकच आहेत, असे काही सज्जन मोठ्या सद्भावाने सांगतात. 'ख्रिस्त' आणि 'कृष्ण' ही नावे एकच असल्याचेही सांगितले जाते. सद्भाव चांगला, पण सत्याच्या आधाराशिवाय तो टिकत नाही. 'ख्रिस्त' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ अभिषिक्त, आणि तो हिब्रू 'मसीहा' या शब्दाचा अनुवाद आहे. 'कृष्ण' म्हणजे काळा, सावळा. रशियन भाषेतील काळ्या रंगाचा 'चोर्नी' हा शब्द त्याचा नातलग आहे. दोन नावांचे अर्थ निराळे आणि वाटाही निराळ्या.

'आमेन' चे तर असे की, त्याचे खरे नाते कल्पित नात्यापेक्षा अधिक सुंदर आहे. हिब्रूत 'अ-म-न' या तीन व्यंजनांचा अर्थ आहे दृढ असणे, भरवसा ठेवण्याजोगे असणे. त्यातून 'आमेन' झाला: 'हे खरे आहे, हे तसेच होवो.' हिब्रूची बहीण अरबी. तिच्यातही तीच तीन व्यंजने आणि तोच अर्थ. या दोन भाषांतही नियमित फरकांची रांग सापडते: हिब्रू 'शालोम', अरबी 'सलाम', हिब्रू सूर्य 'शेमेश', अरबी 'शम्स'. त्या अरबी धातूपासून 'ईमान' झाला आणि फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. आपण माणसाला इमानदार म्हणतो, बेइमान म्हणतो, तो हाच शब्द. वेदीपुढे म्हटलेला 'आमेन' आणि बाजारात पाळलेले 'इमान' हे चुलत भाऊ आहेत. रविवारी पहिला शब्द उच्चारून सोमवारी दुसरा मोडणाऱ्याने याचा विचार करावा.

नात्याचा गैरवापर

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. भाषा एका घराण्यातल्या ठरल्या, म्हणून त्या बोलणारी माणसे एका रक्ताची ठरत नाहीत. एकोणिसाव्या शतकात काहींनी भाषांच्या नात्यावरून 'आर्य वंश' नावाची कल्पना उभी केली. माक्स म्युलर यांनी १८८८ साली स्पष्ट सांगितले की 'आर्य' हा शब्द भाषेपुरता आहे, रक्ताशी किंवा कवटीच्या आकाराशी त्याला कर्तव्य नाही. तो इशारा ऐकला गेला नाही. १९३३ ते १९४५ या काळातील जर्मन राजवटीत त्याच कल्पनेच्या नावाने लाखो यहुदी स्त्री-पुरुष व बालके मारली गेली. ज्या 'अब्बा' आणि 'आमेन' या शब्दांनी आपण प्रार्थना करतो, ते त्याच लोकांच्या पूर्वजांनी जपलेले शब्द आहेत.

पवित्र शास्त्रातही शब्दसाम्याचे प्रसंग आहेत. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात 'बाबेल' या नावाचा संबंध 'बालाल', म्हणजे घोटाळा करणे, या हिब्रू शब्दाशी जोडला आहे. बाबिलोनचे लोक मात्र आपल्या नगरीच्या नावाचा अर्थ 'देवाचे द्वार' असा करीत. पवित्र लेखक येथे व्याकरण शिकवीत नाही. गर्वाने स्वर्गाचे दार बांधावयास निघालेल्यांचा शेवट घोटाळ्यात होतो, हा बोध तो शब्दांच्या खेळातून करून देतो. आणि क्रुसाच्या पायथ्याशी काय घडले? प्रभूने 'एलोई', म्हणजे 'माझ्या देवा', अशी हाक मारली. जवळ उभे असलेल्या काहींना ती एलिया संदेष्ट्याच्या नावासारखी ऐकू आली आणि तो एलियाला बोलावीत आहे असे ते म्हणाले. त्या दोन्ही शब्दांत 'एल', म्हणजे देव, हा एकच लहान शब्द आहे. त्यांच्या कानांनी ध्वनी बरोबर टिपला. हाक कोणाला आहे हे मात्र त्यांना कळले नाही.

तेव्हा आईबापांना व धर्मशिक्षण देणाऱ्या आमच्या भगिनी-बंधूंना आमची एवढीच विनंती आहे. मुलाने दोन सारखे शब्द दाखविले तर त्याला गप्प बसवू नका, आणि घाईने होकारही देऊ नका. त्याला तीन प्रश्न विचारावयास शिकवा. या शब्दाचे जुने रूप कोणते होते? एकच शब्द जुळतो की शब्दांची सारी रांग जुळते? आणि तो उसना असेल तर कोणत्या वस्तूबरोबर, कोणाच्या हातून आला? आजी-आजोबांच्या तोंडी असलेले शेतीचे, स्वयंपाकाचे, प्रार्थनेचे जुने शब्द एका वहीत लिहून ठेवण्याचे कामही मुलांकडून करून घ्यावे. ही पिढी गेल्यावर ते विचारावयास कोणी उरणार नाही. अशा वहीत संस्कृताचे, कानडीचे, फारसीचे, पोर्तुगीजचे आणि हिब्रूचे शब्द एका पानावर आढळतील, आणि आपल्या घरात कोण कोण पाहुणे येऊन कायमचे घरचे झाले हे मुलांना आपोआप कळेल.